बकऱ्याचं मटण, तूप आणि प्लेगची लस

हे मुंबईतलं मांडवी. गोदामांचा भाग, धान्याची पोती, हातगाड्या, आणि पोती म्हटली की उंदीर आलेच. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये इथे डॉ. अकासियो व्हिएगस, मूळ गोव्याचे, यांच्याकडे असे पेशंट यायला लागले की जोराचा ताप, जांघेत नाहीतर काखेत गाठ, आणि काही दिवसांत माणूस खलास. त्यांनी सरळ सांगून टाकलं, हा गाठीचा प्लेग आहे. मग काय, मुंबई सामान बांधून पळायला लागली, लाखो लोक शहर सोडून गेले, आणि पळणाऱ्यांबरोबर प्लेगही गावोगावी पोचला.

सरकारने बोलावलं वाल्देमार हाफकिनना. ओडेसाचे ज्यू, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेले, कॉलऱ्याची लस घेऊन १८९३ पासून भारतात फिरतच होते. मुंबईत त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये मिळालं काय, तर एक खोली, एक व्हरांडा, एक क्लार्क आणि तीन शिपाई.

पण काम बघा कसं केलं. जंतू वाढवायला मांसाचं सूप लागतं. गाईचं इथे चाललं नसतं, डुकराचंही नाही, म्हणून यांनी बकऱ्याचं मटण घेतलं. त्या सुपावर तूप नाहीतर खोबरेल तेल सोडायचं, त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढतात, बाटली हलवली की तुटून तळाशी जातात आणि वर पुन्हा नवे वाढायला लागतात. असं काही आठवडे चालू द्यायचं, मग बाटली ६५ ते ७० अंश सेल्सिअसला तासभर गरम, म्हणजे जंतू मेले. त्यात थोडं कार्बोलिक ॲसिड, म्हणजे जंतुनाशक. झाली लस.

आता मेलेला जंतू टोचून फायदा काय? तर जंतू मेला तरी त्याच्या अंगावरचे बरेचसे घटक ओळखण्याइतपत शाबूत असतात. आपल्या पांढऱ्या पेशी ते उचलतात आणि जवळच्या लसिका ग्रंथींमध्ये नेऊन दाखवतात. तिथे असंख्य बी पेशी (अँटीबॉडीज बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) असतात, प्रत्येकीची पकड वेगळी, त्यातली जिची पकड नेमकी बसते तीच वाढायला लागते, एकीच्या दोन, दोनाच्या चार, टी पेशी (दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशी) तिला मदत करतात, आणि त्यातून अँटीबॉडीज, म्हणजे जंतूला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिनं, बाहेर पडतात. ह्या सगळ्याला आठवडा-दोन आठवडे जातात आणि खरा प्लेग तेवढा वेळ देतच नाही, सगळी गोम इथे आहे. लस तो वेळ आधीच मिळवून देते, शिवाय काही पेशी मेमरी सेल्स म्हणून मागे राहतात, त्या पुढच्या वेळी लगेच कामाला लागतात. दंड दुखणं, ताप येणं हा याच कामाचा भाग. कोविडमधली कोव्हॅक्सिन याच जातीची, तिच्यात मारलेला व्हायरस होता आणि तो पुण्याच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्थेने) वेगळा करून दिला होता.

१० जानेवारी १८९७ ला हाफकिननी लस आधी स्वतःला टोचून घेतली, डोसही चांगला दणदणीत. मग भायखळ्याच्या जेलमधले कैदी, म्हणे स्वखुशीने. (कैद्याची स्वखुशी म्हणजे नक्की काय, हे आजच्या एथिक्स कमिटीने नक्की विचारलं असतं.)

मला स्वतःला जास्त पटतो तो १८९८ चा बडोद्याजवळच्या उंडेरा गावचा प्रयोग. प्रत्येक घरातल्या साधारण अर्ध्या लोकांना टोचलं, अर्ध्यांना नाही. नंतर ज्या घरांत प्लेग शिरला तिथे टोचलेले होते ७१, त्यातले ८ आजारी पडले, ३ गेले. न टोचलेले ६४, त्यातले २७ आजारी आणि २६ गेले. घर तेच, उंदीर तेच, जेवण तेच! आणि हो, टोचलेल्यांतही ८ जण आजारी पडलेच की. २०२१ मध्ये "लस घेऊनही झालाच ना कोविड" हे किती जणांकडून ऐकलं असेल आपण, पण ते बोलताना पलीकडचा २७ चा आकडा कुणी मोजतच नाही.

लस तयार झाली तरी लोक दंड पुढे करतील असं थोडंच असतं. पुण्यात तेव्हा रँडसाहेबाची प्लेग कमिटी, गोरे सोल्जर घराघरांत घुसून झडत्या घेतायत, बायकामाणसांना तपासतायत, त्याचा शेवट २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंच्या गोळ्यांनी झाला. त्याच साथीत १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या, पेशंटची सेवा करता करता. अशा वातावरणात सरकारी सुई कोण टोचून घेणार? मुंबईत मात्र खोजा समाजाचे धर्मगुरू आगाखान यांनी स्वतः चारचौघांसमोर टोचून घेतलं, लॅबसाठी जागा दिली, आणि मग खोजा समाजातले हजारो लोक आले.

आणि विश्वास जातो किती पटकन तेही बघा. १९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावात एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. ठपका हाफकिनवर, नोकरी गेली. मलेरिया डासांमुळे पसरतो हे शोधणाऱ्या रोनाल्ड रॉससारखे शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने जाहीरपणे लिहायला लागले, तरी निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं, कारण घाण मुंबईच्या लॅबमध्ये नाही तर गावात बाटली उघडताना शिरली होती. त्यांच्या परळच्या लॅबला हाफकिन हे नाव मिळालं ते थेट १९२५ मध्ये.

एक गोष्ट मात्र ह्या लशीला कधीच जमणार नव्हती. गाठीचा प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, त्यामुळे मी टोचून घेतलं तर मी वाचेन, शेजाऱ्याच्या घरातल्या उंदराला काय फरक पडतो. गोवरचं तसं नाही, तो माणसाकडून माणसाकडे जातो, म्हणून साधारण ९५ टक्के पोरांना लस मिळाली की साखळीच तुटते आणि ज्या तान्ह्या बाळांचं लशीचं वय झालेलं नाही तीही वाचतात. कोविड ह्या दोन्हींच्या मधे कुठेतरी बसला, लशीने पसरणं काही महिने कमी केलं, मग अँटीबॉडीज उतरल्या, व्हायरसही बदलत गेला आणि लागण पुन्हा व्हायला लागली, पण मेमरी सेल्स आणि टी पेशी टिकल्या, त्यामुळे हॉस्पिटलात जाण्याइतका आजार त्यामानाने कमी जणांना झाला.