त्याला काय म्हणतात?

[वडगावातली गल्ली. पॉवरलूमची खटखट. दारात रांगोळी, सायकलवर दूधवाला.]

बेळगावात दुकानाच्या पाटीवर कानडी मोठं की मराठी यावरनं आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चाललीत, खरं एक गोष्ट अशी आहे जी घरात दोन्ही भाषांत कुणी बोलत नाही. म्हणजे बघा, अंगावरनं पांढरं जातंय, कंबर धरलीय, पाळी चुकली, हे सगळं बायका हळदीकुंकवाला भेटल्या की कुजबुजत का होईना बोलतात. दुखण्याला शब्द भरपूर. सुखाचं विचारलं की पदर तोंडाला. माझ्या मावशीला विचारलं, तिच्या लग्नाला चाळीस वर्षं झालीत, मी म्हटलं ऑर्गॅझमला काय म्हणतात गं? तिला वाटलं खताचं नाव आहे. ऑर्गॅझम म्हणजे शरीरसुख शिगेला पोचतं तो क्षण.

[कोऱ्या पाटीवर खडूनं चित्र काढणारा हात.]

तर सुरुवात क्लिटोरिसपासनं करू, म्हणजे योनीच्या वरच्या अंगाला असणारा बाईच्या सुखाचा अवयव. मराठी पुस्तकात हिला शिश्निका म्हणतात, म्हणजे छोटं शिश्न, झालं, नाव ठेवतानाच माप दुसऱ्याचं घेतलं! गर्भात पहिले काही आठवडे मुलगा-मुलगी दोघांचा तो भाग एकसारखाच असतो, फरक नंतर पडतो, त्यामुळं कोण कुणाची छोटी आवृत्ती हा प्रश्नच कुठनं आला. बाहेर दिसतं ते नुसतं टोक, वाटाण्याएवढं. बाकीचं सगळं आत, मागं गेलेले दोन फाटे आणि योनीच्या दोन्ही अंगांना दोन फुगवटे. ऑस्ट्रेलियातल्या हेलेन ओकॉनेल या युरॉलॉजिस्टनी हे १९९८ साली नीट मांडलं, मग २००५ मध्ये एमआरआयचाही आधार घेऊन परत. १९९८ ला माझी एसएसएलसी, म्हणजे दहावी, होती, आमच्या पुस्तकातल्या आकृतीत गर्भाशय होतं, नळ्या होत्या, ही नव्हतीच, आणि तो धडासुद्धा "घरी वाचून घ्या" म्हणून सरांनी उलटला. आणि त्या एवढ्याशा टोकाला येणाऱ्या दोन नसांत मिळून दहा हजारांवर तंतू असतात, हे माणसाच्या नसा घेऊन मोजलं कधी, तर २०२२ ला, अमेरिकेत.

[खिडकीतनं येणारं ऊन, हलणारा पडदा.]

आता अंगात होतं काय. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन संशोधक जोडीनं प्रयोगशाळेत बघून १९६६ साली चार टप्पे सांगितले, उत्तेजना, पठार, परमोच्च बिंदू, म्हणजेच ऑर्गॅझम, आणि मग शांत होणं. आधी रक्त तिकडं धावतं, आतले फुगवटे भरतात, योनीच्या भिंतीतनं पाझर सुटतो, गर्भाशय जरा वर ओढलं जातं, छाती धडधडते, श्वास वाढतो. मग ओटीपोटाच्या तळाचे स्नायू लयीत आवळतात-सुटतात, सुरुवातीला साधारण ०.८ सेकंदाच्या अंतरानं, आणि मग सगळं सैल. काही जणींना थोड्या वेळात परत होऊ शकतं, काही जणींना नको वाटतं, दोन्ही नॉर्मल. एक मात्र ध्यानात ठेवा, पाझर सुटला म्हणजे तिची इच्छा आहे असं नव्हे, अंग आपलं आपण काहीतरी करत असतं, होकार तोंडानं द्यायचा असतो.

आणि नुसत्या संभोगानं सगळ्यांचं होतं हा गैरसमज तर सिनेमापासनं सगळ्यांनी मिळून पोसलाय. अमेरिकेतल्या एका मोठ्या सर्व्हेत तसं पुरतं म्हणणाऱ्या बायका होत्या जेमतेम १८ टक्के. बाकीच्यांपैकी बहुतेकींना क्लिटोरिसला स्पर्श लागतो, निदान त्यानं बरं होतं. म्हणजे "माझ्यातच काहीतरी कमी आहे" करून रात्र-रात्र छताकडं बघत पडलेल्या किती जणींत कमी काहीच नव्हतं.

[स्वयंपाकघर. नळाखाली लावलेली घागर.]

हे चार टप्पे सगळ्यांना लागू पडत नाहीत, असं कॅनडातल्या डॉक्टर रोझमेरी बॅसन यांनी २००० च्या सुमारास मांडलं. पुष्कळ बायकांना इच्छा आधी नसते, जवळीक झाली, निवांत वाटलं की मागनं येते. निवांत! पत्र्याच्या पार्टिशनपलीकडं सासूबाई खोकतायत, कुशीत पोरगं, आणि अर्धा कान नळाकडं, कारण पाणी आठवड्यातनं एकदा येतं आणि पहाटे येतं. मेंदूला ॲक्सिलरेटर असतो तसा ब्रेकही असतो, आणि आमच्या घरांत ब्रेकवर सगळ्यांचेच पाय. त्यात डिप्रेशनच्या काही गोळ्या, शुगर, पाळी जाताना येणारा कोरडेपणा, यानंही फरक पडतो, औषध आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरला सांगा. दुखत असेल तर "बायकांना दुखतंच" हे ऐकून घेऊ नका, गायनॅकला दाखवा.

[जुन्या मासिकांचा गठ्ठा.]

मराठीत हे कुणी बोललंच नाही असंही नाही. र. धों. कर्वे १९२७ पासनं १९५३ ला जाईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत होते, बाईलाही सुख पाहिजे असतं हे छापत होते, खटले अंगावर घेत होते, १९३४ ला त्यांची केस बाबासाहेब आंबेडकरांनी लढवली. आमच्या आज्ज्यांच्या काळातली गोष्ट ही.

[मावशीचं घर. पायरीवर मावशी, हातात शेंगा निवडायचं सूप.]

शूटिंगच्या शेवटच्या दिवशी मावशीनंच विषय काढला. म्हणाली, "तू ते विचारलंस नव्हं, आम्ही आपलं मनातल्या मनात 'बरं वाटलं' म्हणायचो बघ. तुझ्या काकांना कधी म्हटलं नाही." आणि कॅमेरा बंद कर म्हणाली. केला. मग ती तासभर बोलली.