मिठाचा कर आणि फ्रान्सची राज्यक्रांती: भडका कशाने उडाला?

नमस्कार मंडळी!

फ्रेंच राज्यक्रांती म्हटलं की 14 जुलै 1789 आणि बॅस्टिलचा तुरुंग, हे आपल्याला शाळेपासून पाठ असतं. पण बॅस्टिल पडायच्या आधीचे दोन-तीन दिवस पॅरिसचे लोक काय करत होते माहितीये? जकातनाकी जाळत होते. शहराभोवती नुकतीच एक नवी भिंत उभी राहिली होती. आत येणाऱ्या दारूवर, जळणावर, मांसावर कर वसूल करता यावा एवढ्यासाठीच ती बांधलेली. तिच्या वेशींवरची बहुतेक नाकी लोकांनी पेटवून दिली. तुरुंगाच्या आधी जकातनाकं! असं का झालं, ते आज बघू.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. "कर फार होते म्हणून क्रांती झाली" हे उत्तर मला पटत नाही. त्याच काळात इंग्रज माणूस सरासरी फ्रेंच माणसापेक्षा जास्त कर भरत होता. तिथे भडका उडाला नाही. फ्रान्समध्ये जी चीड होती ती अशी: मी भरतोय, आणि माझ्यापेक्षा शंभरपट श्रीमंत असलेला शेजारी भरत नाहीये. आणि तो भरत नाही हे कायद्यानेच ठरलंय.

हे सगळ्यात उघडं दिसतं ते मिठात.

[स्क्रीनवर: फ्रान्सचा नकाशा, मिठाच्या दरानुसार रंगवलेला]

या कराचं नाव गाबेल. हा नकाशा नीट बघा. 1781 मध्ये राजाचा अर्थमंत्री नेकर याने सरकारचा जमाखर्च छापून लोकांपुढे ठेवला, त्यात असाच नकाशा जोडला होता. देश एक, राजा एक, आणि मिठाचे दर विभागागणिक वेगळे. पश्चिमेकडे समुद्राला लागून ब्रिटनी प्रांत आहे. तिथे गाबेल नाही, कारण तो प्रांत फ्रान्समध्ये सामील झाला तेव्हाच तशी सवलत ठरली होती. तिथे साधारण 49 किलो मीठ 2-3 लिव्ह्रला मिळायचं. लिव्ह्र म्हणजे तेव्हाचं फ्रेंच नाणं. आता सीमा ओलांडून शेजारच्या मेन प्रांतात या. तेवढंच मीठ साधारण 60 लिव्ह्र! वीस-तीस पट.

बरं, महाग आहे तर कमी खाऊ, असंही म्हणायची सोय नव्हती. गाबेलच्या सगळ्यात जाचक विभागात आठ वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे वर्षाला साडेतीन किलोच्या आसपास मीठ सरकारी कोठारातून घेणं सक्तीचं होतं. आणि ते मीठ फक्त स्वयंपाकाला आणि पानात वाढायला. हिवाळ्यासाठी डुकराचं मांस खारवायचंय? मग त्यासाठी वेगळं मीठ विकत घ्या, त्याची वेगळी नोंद करा. रोजच्या मिठातलं वापरलंत आणि पकडलं गेलात, तर दंड.

याउलट काही बडे अधिकारी, न्यायाधीश आणि मठ यांना ठरावीक मीठ जवळजवळ फुकटात मिळायचं. हाही त्यांचा हक्कच.

मग तस्करी होणारच. ब्रिटनीच्या सीमेवर बाया, पोरं, शिपाई, सगळेच मीठ वाहायचे. लोकांनी कुत्रेसुद्धा शिकवले होते. मेनमध्ये पाळलेला कुत्रा ब्रिटनीत न्यायचा, पाठीवर मिठाची पिशवी बांधायची आणि सोडून द्यायचा. घराच्या ओढीने तो रातोरात सीमा पार करायचा. गाबेलचे पहारेकरी घरांत घुसून झडत्या घ्यायचे, बायकांच्या अंगाला हात लावायचे. पकडलेल्याला जबर दंड. तो भरता आला नाही तर ब्रेस्ट किंवा तूलोन बंदरावर सक्तमजुरी. हत्यारबंद टोळीत सापडलात तर फाशी. मिठासाठी!

आणि ही वसुली राजाचे नोकर करत नव्हते. फेर्म जेनेराल नावाची धनिकांची एक खासगी मंडळी होती. ती सरकारकडून वसुलीचा ठेका घ्यायची, राजाला ठरलेली रक्कम द्यायची, वरचा फायदा आपल्याकडे ठेवायची. पॅरिसची ती भिंत यांचीच. आधुनिक रसायनशास्त्राचा पाया घालणारा, ऑक्सिजनला ते नाव देणारा लाव्हाझिए हा या मंडळीत भागीदार होता आणि भिंतीची कल्पना त्याने पुढे रेटली होती. 8 मे 1794 ला इतर ठेकेदारांबरोबर त्यालाही गिलोटिनखाली जावं लागलं. एवढा मोठा शास्त्रज्ञ असा गेला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण ठेकेदारांवरचा लोकांचा राग किती खोल गेला होता तेही त्यातून कळतं.

आता थेट करांकडे येऊ. मुख्य होता ताय. देशाच्या बहुतेक भागात तो सामान्य रयतेवर होता, सरदारांना माफ. चर्चकडे देशातली दहा टक्क्यांच्या आसपास जमीन, पण ते कर देत नव्हते. अधूनमधून राजाला "स्वेच्छा देणगी" द्यायचे, आणि ती किती हे स्वतःच ठरवायचे. सरदारांवर काही नवे कर बसले होते, नाही असं नाही, पण ओळखी आणि वजन वापरून ते आपला हिस्सा कमी करून घ्यायचे.

तायची आकारणी बऱ्याच ठिकाणी माणसाची ऐपत डोळ्यांनी बघून व्हायची. दारात गाय दिसली की कर वाढला. त्यामुळे शेतकरी मुद्दाम गरीब दिसायचा. आणि व्यापारात एखाद्याने खरोखर पैसा केला की तो काय करायचा? सरदारकी मिळवून देणारं सरकारी पद विकत घ्यायचा, आणि ताय भरणाऱ्यांच्या यादीतून बाहेर! म्हणजे ज्याची भरायची ताकद वाढली, तोच निसटला. मागे उरलेल्यांवर भार तेवढाच. माझ्या मते सगळ्या व्यवस्थेतली सगळ्यात घातक गोष्ट हीच होती.

12 जुलै 1789 ला, इकडे पॅरिसमध्ये नाकी जळत असताना, आर्थर यंग नावाचा एक इंग्रज शेतीतज्ज्ञ पूर्व फ्रान्समधला एक चढ घोडा हाती धरून पायी चढत होता. वाटेत त्याला एक शेतकरीण भेटली. तिच्या नवऱ्याकडे जमिनीचा एक तुकडा, एक गाय आणि एक मरतुकडा घोडा. पोरं सात. एका जमीनदाराला दरवर्षी 42 पौंड गहू आणि तीन कोंबड्या द्यायच्या, दुसऱ्याला ओट, एक कोंबडी आणि एक सू (लिव्ह्रहून लहान नाणं), वर राजाचे कर वेगळे. ती यंगला म्हणाली, गरिबांसाठी मोठी माणसं काहीतरी करणार आहेत असं ऐकलंय. कोण करणार, कसं करणार ते मला माहीत नाही, पण हे कर आणि देणी आम्हाला चिरडतायत. यंग लिहितो, ती लांबून साठ-सत्तरीची वाटली असती. ती होती 28 वर्षांची.

पण लोक पिढ्यान्‌पिढ्या सोसत होते, मग 1789 च का?

कारण राजाचाच खजिना रिकामा झाला. अमेरिकेतल्या वसाहतींनी इंग्लंडच्या करांविरुद्ध बंड केलं, आणि इंग्रजांवर सूड उगवायची संधी म्हणून फ्रान्स त्यांच्या बाजूने उतरला. (त्याच ओढाताणीत 1777 मध्ये सँ-ल्यूबँ हा फ्रेंच वकील पुण्यात नाना फडणविसांकडे येऊन बसला होता.) युद्ध जिंकलं, पण त्यासाठी 100 कोटी लिव्ह्रच्या वर खर्च झाला, तोही बहुतेक कर्ज काढून. 1788 पर्यंत सरकारच्या एकूण खर्चातला जवळजवळ निम्मा पैसा कर्ज फेडण्यात जात होता. राणीच्या उधळपट्टीच्या कहाण्या आपण खूप ऐकतो, पण सगळ्या दरबाराचा खर्च मिळून सहा टक्क्यांच्या आसपास होता.

रयतेकडून आणखी पिळून काही निघणार नव्हतं. मग फेब्रुवारी 1787 मध्ये अर्थमंत्री कालोन याने 144 मान्यवरांची सभा बोलावली आणि प्रस्ताव ठेवला: सगळ्या जमिनीवर एकच कर, मालक सरदार असो, चर्च असो की शेतकरी. जे बोलावले होते ते जवळजवळ सगळे सूट मिळणारेच. त्यांनी नकार दिला. दोन महिन्यांत कालोन गेला. पॅरिसच्या उच्च न्यायालयानेही पुढे तेच केलं आणि म्हटलं, नवा कर हवा तर एताझेनेरो, म्हणजे चर्च, सरदार आणि बाकीची रयत या तिन्ही वर्गांची महासभा बोलवा. ती शेवटची भरली होती 1614 मध्ये.

5 मे 1789 ला व्हर्सायला ती भरली. त्याआधीच्या जुलैमध्ये गारपिटीने पिकं झोडपली होती. पॅरिसमध्ये चार पौंड वजनाचा पाव 8-9 सूंवरून साडेचौदा सूंवर गेला होता, आणि मजुराची दिवसाची कमाई 20-30 सू. अशा वेळी जुना नियम पुढे आला: प्रत्येक वर्गाला एक मत. म्हणजे चर्च आणि सरदार एकत्र आले की दोनास एक, आणि देशातली शंभरातली 97-98 माणसं हरली.

17 जून रोजी तिसऱ्या वर्गाने स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणून घोषित केलं. आणि त्याच दिवशी काय ठरवलं ते बघा: चालू असलेले सगळे कर बेकायदा आहेत, कारण राष्ट्राने त्यांना संमती दिलेली नाही, तरी ही सभा भरलेली असेपर्यंत ते तात्पुरते भरले जातील. केवढी जबरदस्त खेळी! राजाने सभा मोडली, तर कर वसूल करायचा अधिकारही गेला.

पुढचं भराभर सांगतो. 4 ऑगस्टच्या रात्री विशेष हक्क रद्द झाले. 26 ऑगस्टच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 13 वं कलम आलं: कर सगळ्या नागरिकांवर, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. मार्च 1790 मध्ये गाबेल रद्द झाला.

नेपोलियनने 1806 मध्ये मिठावर कर परत आणला, हे फार थोड्यांना माहीत असतं. पण तो साऱ्या देशाला सारखा होता, सक्तीची खरेदी नव्हती, कुणाला फुकट मीठ नव्हतं. लोक कुरकुरले, पण तो दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत टिकला.

मिठाच्या कराची आपल्याकडची लढाई, म्हणजे 1930 चे वडाळा आणि शिरोडा, हा पुढच्या व्हिडिओचा विषय. तुमच्या घरात कुणी शिरोड्याच्या सत्याग्रहाला गेलं असेल, काही आठवणी ऐकल्या असतील, तर खाली कमेंटमध्ये जरूर लिहा. मी प्रत्येक वाचणार आहे.