बसचा पास आणि पदवी

मित्रहो, न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ साली आपल्या दोन वर्षांच्या कॉलेजांत 'असॅप' नावाची योजना सुरू केली. त्यात मुलांना दरमहा मेट्रोकार्ड मिळायचं, म्हणजे बस आणि भुयारी रेल्वेचा पास. एसटीचा पास काढून तालुक्याच्या कॉलेजात शिकलेल्या आपल्यापैकी अनेकांना त्याचं मोल वेगळं सांगायला नको. पण हा पास असाच मिळत नसे. त्यासाठी आपल्या मार्गदर्शकाला भेटावं लागे.

मला ही अट फार शहाणपणाची वाटते. गरीब घरातलं मूल अडचण आली की कॉलेजात कुणापाशी बोलत नाही. कामाच्या पाळ्या वाढवतं, दोन विषय सोडतं, मग एक सत्र सोडतं, आणि एक दिवस येणंच थांबतं. नापासही न होता गळतं. पासाच्या निमित्ताने ते कुणाच्या तरी समोर येऊन बसतं, आणि गोष्ट वेळेत कळते. अर्थात समोरच्याला ऐकायला सवड हवी. 'असॅप'मध्ये एका मार्गदर्शकाकडे ६० ते ८० मुलं होती. त्याच कॉलेजांत इतरांसाठी हे प्रमाण ६०० ते १५०० होतं. हजार मुलांत कुणाचं नाव लक्षात राहणार?

शिवाय शिष्यवृत्ती वजा जाता उरलेली फी माफ, पुस्तकं फुकट, आणि पूर्णवेळ शिकण्याचं बंधन. हुशार मुलंच आली असतील, असं कुणी म्हणू नये म्हणून सोडत काढून सुमारे ९०० मुलांचे दोन गट केले. सगळी कमी उत्पन्नाच्या घरांतली. त्यांत लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, मुलांचा गट सगळ्यांत मोठा. तीन वर्षांत योजनेतली ४० टक्के मुलं पदवीधर झाली, बाहेरची २२ टक्के. दर विद्यार्थ्यामागे खर्च पुष्कळ वाढला, साधारण ६० टक्क्यांनी. पण दर पदवीमागचा खर्च मोजला तर तो ११ टक्क्यांनी कमी भरला. अर्ध्यावर सुटलेल्या शिक्षणावरही पैसा खर्च झालेलाच असतो, हे आपण विसरतो.

आता कॅलिफोर्नियाकडे वळू. हेवर्डच्या शाबो कॉलेजात १९८१ साली इंग्रजीच्या एक शिक्षिका आणि एक समुपदेशक यांनी दोन हजारांहून अधिक लॅटिनो विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका चाळल्या. तीन गोष्टी दिसल्या : मुलं समुपदेशकाकडे फिरकत नव्हती, कॉलेजच्या पातळीच्या लेखनवर्गाला बसत नव्हती, आणि घरातून कॉलेजात आलेली ती पहिलीच होती. त्यातून 'पुएंते' उभं राहिलं. स्पॅनिशमध्ये पुएंते म्हणजे पूल. वर्षभर लेखनाचा वर्ग, त्यात मेक्सिकन-अमेरिकन आणि लॅटिनो लेखकांचं साहित्य; चार वर्षांच्या विद्यापीठात जाईपर्यंत समुपदेशकाची साथ; आणि समाजातलाच एखादा स्थिरावलेला माणूस पाठीराखा म्हणून. आजी-आईची भाषा, शेतमजुरी, सीमेपलीकडचं गाव हे निबंधाचे विषय होऊ शकतात, हे मुलाला वर्गात कळतं. शिकवणारे आपण सगळे जाणतो, यानंतर मूल वेगळ्या हाताने लिहितं.

सरकारी व्याख्येने ज्या संस्थेत किमान २५ टक्के पदवी-विद्यार्थी लॅटिनो आहेत, तिला 'हिस्पॅनिक-सेवी', म्हणजे लॅटिनोंची सेवा करणारी, म्हणवून घेता येतं. माझ्या मते हा आकडा फार थोडं सांगतो. मुलं दाराशी आली, एवढंच. त्यांना टिकवण्यासाठी अशा संस्थांना खास अनुदान मिळे. २०२५च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या शिक्षणखात्याने त्यातला आपल्या अखत्यारीतला भाग थांबवला. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण उपाय सापडलेला असताना हात आखडला गेला.

आणि तो उपाय फक्त न्यूयॉर्कचा नाही. ओहायोतल्या तीन कॉलेजांनी 'असॅप' उचललं, तिथेही सोडत काढूनच पडताळलं. तीन वर्षांनी ३५ टक्के विरुद्ध १९.  तिथे त्यांनी मेट्रोकार्डाऐवजी मुलांना पेट्रोल आणि किराण्याची कार्डं दिली.