या गावाचं पाणी कुठलं?

मित्रहो, पडद्यावर दिसतोय तो नकाशा मोहावी वाळवंटाचा. कॅलिफोर्नियाचा आग्नेय भाग आणि त्याला चिकटलेला नेवाडाचा दक्षिण तुकडा. याच्या एका अंगाला लॉस एंजेलिस, दुसऱ्या अंगाला लास वेगास. बहुतेक माणसं या दोन शहरांमधलं अंतर गाडीच्या काचा बंद ठेवून चार-पाच तासांत उरकतात. पहिल्या खेपेला मीही तेच केलं होतं आणि मला काहीही दिसलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला मोठा महामार्ग सोडला, जुन्या दुपदरी रस्त्यावर आले आणि तिथून जी गोडी लागली ती आजतागायत सुटलेली नाही.

या भटकंतीत मला एक सवय लागली. वाळवंटातल्या लहान गावात शिरलं की कॅमेरा बाहेर काढण्याआधी एक प्रश्न विचारायचा: या गावाचं पाणी कुठलं? नदीकाठच्या सुपीक प्रदेशात गाव कुठंही वसू शकतं, त्याला कारण शोधावं लागत नाही. इथं तसं नाही. इथं गाव आहे याचा अर्थ कुणीतरी, कधीतरी, पाण्याचा हिशोब केला होता. तो बरोबर ठरला की चुकला, हे गावाकडे नीट पाहिलं तर अजून वाचता येतं.

सुरुवात अँबॉयपासून करू. 1883 साली या वाळवंटातून रेल्वे गेली, तेव्हा स्थानकांना नावं द्यायची वेळ आली. ज्या माळावर वस्तीच नाही तिथं नाव कुठून आणायचं? मग इंग्रजी मुळाक्षरं घेतली आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे ओळीनं लावली. अँबॉय, ब्रिस्टल, कॅडिझ, डॅन्बी, ईसेक्स, फेनर, गॉफ्स. ए पासून जी पर्यंत. ही गावं माणसांच्या आधी इंजिनांसाठी जन्मली. वाफेचं इंजिन पाणी पितं, आणि ठरावीक अंतरावर ते मिळालं नाही तर गाडी माळावर उभी राहते. म्हणून टाकी, टाकीवर एक माणूस, त्याचं घर, मग दुकान, मग शाळा. गॉफ्सची 1914 सालची शाळा डागडुजी होऊन आजही उभी आहे.

1926 साली रूट 66 हा महामार्ग जाहीर झाला आणि याच ओळीतल्या गावांना दुसरा जन्म मिळाला. आता इंजिनांऐवजी मोटारी थांबू लागल्या. पण रस्ता दिला तसा काढूनही घेतला जातो. 1931 साली रस्ता सरळ करताना गॉफ्स बाजूला पडलं. 1973 साली उत्तरेकडून नवा आंतरराज्य महामार्ग सुरू झाला आणि अँबॉयची वर्दळ जवळजवळ एका दिवसात आटली.

अँबॉयला रॉइज नावाचा जुना पेट्रोलपंप आहे, 1938 सालचा. त्याची 1959 साली उभारलेली उंच, टोकदार पाटी तुम्ही नक्की कुठंतरी पाहिली असेल, कारण तिथं थांबणारा प्रत्येक जण तिचा फोटो काढतो. मीही काढला. पण त्या पाटीपेक्षा मला तिथली जमीन जास्त सांगून गेली. गावाच्या दक्षिणेला ब्रिस्टल नावाचं कोरडं सरोवर पसरलंय, पांढरंफटक. आजही तिथून क्षार काढतात. जिथं क्षार इतका वर आलाय तिथं विहिरीला गोडं पाणी कुठून लागणार? प्यायचं पाणी बाहेरूनच आणावं लागलं. म्हणजे अँबॉयचं पाणी अँबॉयचं नव्हतंच. ज्याचं पाणी दुसऱ्याच्या हातात, त्या गावाचं आयुष्यही दुसऱ्याच्या हातात. 2005 साली अख्खं गाव 4 लाख 25 हजार डॉलरना विकलं गेलं. नव्या मालकानं ते जपायचं ठरवलं आणि 2019 साली ती पाटी पुन्हा उजळली, याचा मला मनापासून आनंद आहे.

अँबॉयच्या जरा पूर्वेकडून उत्तरेला एक रस्ता निघतो, तो केल्सोमार्गे बेकरला जातो. केल्सोचं स्थानक 1924 सालचं. चहूकडे वाळू आणि काटेरी झुडपं, आणि मधोमध कमानींची, लाल कौलांची देखणी इमारत. इतकी मोठी इमारत इथं का, हे रुळांकडे पाहिल्यावर कळतं. इथून पुढे सिमा नावाच्या स्थानकापर्यंत खडा चढ आहे. जड गाडी वर चढवायला मागून जादा इंजिन लावावं लागे आणि त्या इंजिनांना लागणारं पाणी केल्सोत होतं. दुसऱ्या महायुद्धात जवळच लोखंडाची खाण चालली तेव्हा इथं सुमारे 2,000 माणसं राहत होती. मग डिझेल इंजिनं आली. डिझेलला टाकीची गरज नाही आणि चढावर मदतनीसही नको. झरा आटला नाही, खाणीत स्फोट झाला नाही. खाण थांबली, इंजिन बदललं आणि गाव उठलं. 1985 साली स्थानक बंद झालं. ते पाडण्याचा बेत होता, तो लोकांनी हाणून पाडला. 2005 साली तिथं प्रवाशांसाठी माहिती केंद्र उघडलं.

बेकरमध्ये 134 फूट उंचीचा तापमापक आहे. 10 जुलै 1913 रोजी डेथ व्हॅली नावाच्या खोल दरीत 134 अंश फॅरेनहाइट, म्हणजे 56.7 अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, तितकेच फूट त्याची उंची. तो बघा आणि पुढे निघा. पण निघण्याआधी पेट्रोलची टाकी भरा, हे मी कळकळीनं सांगते. एकदा नकाशावर दाखवलेल्या पंपाच्या भरवशावर मी अर्ध्या टाकीनं आडवाटेला लागले. पंप होता, पण त्याच्या नळ्या केव्हाच काढून नेलेल्या. फोनला सिग्नल नाही. एसी बंद केला, वेग कमी केला आणि पुढचे दोन तास नजर काट्यावरच. तेव्हापासून निम्मी टाकी म्हणजे रिकामी टाकी, असं मी धरते. पाणी माणशी दिवसाला किमान 4 लिटर, आणि एका दिवसाचं जास्त. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत सुटायचं नाही. उभी गाडी दुरून दिसते, चालणारा माणूस दिसत नाही. ओढ्यातून पाणी वाहत असेल तर थांबायचं, कितीही उथळ वाटलं तरी. पाऊस तुमच्या डोक्यावर पडायची गरज नसते, तो दूर डोंगरात पडून तुमच्यापर्यंत येतो. सोडून दिलेल्या खाणीत तर पाऊलही टाकायचं नाही. आणि हा प्रवास करायचा तो नोव्हेंबर ते मार्चमध्ये, उन्हाळ्यात नाही.

बेकरहून उत्तरेला 127 नंबरचा रस्ता निघतो. मला विचाराल तर या सगळ्या प्रवासाचा गाभा तोच. शोशोनीपर्यंत सुमारे 90 किलोमीटर वाटेत काही नाही. पण डावी-उजवीकडे लक्ष ठेवलं तर मधूनच मातीचा एक सरळ बांध दिसतो. तो जुन्या टोनोपा अँड टाइडवॉटर रेल्वेचा. 1907 ते 1940 ही रेल्वे अँबॉयच्या पश्चिमेच्या लडलोपासून नेवाडातल्या बीटी गावाच्या बाजूला धावत होती. युद्धकाळात रूळ उखडून नेले, बांध राहिला. आणि या रस्त्याखाली आणखी एक वाट आहे, रेल्वेपेक्षा कितीतरी जुनी: अमरगोसा नदी. स्पॅनिशमध्ये अमरगोसा म्हणजे कडू. सुमारे 300 किलोमीटर लांबीची ही नदी बहुतेक वाटभर जमिनीखालून जाते, मोजक्या ठिकाणी वर येते आणि शेवटी समुद्रसपाटीखाली 86 मीटरवर, डेथ व्हॅलीतल्या बॅडवॉटरच्या मिठात संपते. ती जिथं वर येते किंवा जिथं झरे फुटतात, नेमकी तिथंच गावं टिकली आहेत. बीटी, शोशोनी, टेकोपा. नकाशावर बोट ठेवून पाहा.

शोशोनीची हकीकत मला फार आवडते. 1906 च्या सुमारास पश्चिमेच्या डोंगरात ग्रीनवॉटर नावाचं तांब्याच्या खाणीचं गाव उभं राहिलं. नावात हिरवं पाणी, पण पाणी लांबून पिंपं भरून आणायचं आणि महागात विकत घ्यायचं. दोन-तीन वर्षांत तांब्याचा फुगा फुटला. तिथं व्यवसाय करणारे फेअरबँक्स नावाचे गृहस्थ 1910 साली डोंगर उतरून झऱ्याजवळ आले, आणि ग्रीनवॉटरमधल्या इमारती उचलून इथं आणल्या गेल्या. म्हणजे घरं पाण्यापाशी चालत आली म्हणा ना! आज ग्रीनवॉटरच्या जागी पाहण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि शोशोनीत अजून लोक राहतात. गावाच्या कडेला मऊ मातीच्या दरडीत खाणकामगारांनी खोदलेल्या खोल्या आहेत. दारं, कोनाडे, धुरासाठी वर काढलेला पत्र्याचा नळ. बाहेर ऊन पोळत असताना आत हात टेकवलेली भिंत थंड लागते. इथल्या झऱ्यातला एक छोटा मासा नामशेष झाला असं मानलं जात होतं, तो 1986 साली पुन्हा सापडला. गावानं त्याच्यासाठी डबकी राखली आहेत.

आणखी उत्तरेला डेथ व्हॅली जंक्शन. इथं माझा पाण्याचा प्रश्न अपुरा पडतो, म्हणून या गावाबद्दल जरा जास्त बोलते. टाकणखाराच्या, म्हणजे बोरॅक्सच्या कंपनीनं 1923 ते 1925 च्या दरम्यान बांधलेली ही वसाहत: पांढऱ्या भिंतींची लांब, तीन बाजूंनी वळलेली बैठी इमारत आणि टोकाला एक सभागृह. कंपनीचं काम हललं, रेल्वे गेली, गाव रिकामं झालं. 1967 साली मार्टा बेकेट नावाची न्यूयॉर्कची नर्तकी आपल्या नवऱ्याबरोबर या बाजूला आली होती. गाडीचं चाक पंक्चर झालं म्हणून ती दोघं इथं थांबली. चाक दुरुस्त होईपर्यंत ती फिरत फिरत त्या सभागृहापाशी गेली आणि दाराच्या भोकातून आत पाहिलं. मोडकी फळकुटं, ओल, धूळ. तिनं ते महिना 45 डॉलर भाड्यानं घेतलं आणि 1968 च्या फेब्रुवारीत पहिला कार्यक्रम केला. प्रेक्षक येतच असत असं नाही. म्हणून तिनं भिंतींवर प्रेक्षक रंगवले: राजा, राणी, सरदार, जोगिणी. भिंती आणि छत मिळून सुमारे सहा वर्षं हे काम चाललं. 2012 पर्यंत ती त्या रंगमंचावर उभी राहिली आणि 2017 साली, 92 व्या वर्षी गेली. त्या सभागृहात मी एका बाकावर बसले तेव्हा आम्ही तिघं-चौघंच होतो, पण भिंतीवरची सगळी माणसं रंगमंचाकडे पाहत होती. कुजबुजत बोलावंसं वाटलं. एक माणूस ठाम बसून राहिला तर गाव टिकतं, हे मला त्या दुपारी पटलं.

तिथून थोड्या अंतरावर, नेवाडाच्या हद्दीत, ॲश मेडोजचे झरे आहेत आणि त्यातच डेव्हिल्स होल: खडकातली एक खोल, कोमट पाण्यानं भरलेली फट. तिच्यात इंचभर लांबीचा एक मासा राहतो, जगात फक्त तिथंच. शेतीसाठी आसपास विहिरी उपसल्या गेल्या आणि फटीतली पातळी उतरू लागली. ज्या उथळ खडकावर हा मासा अंडी घालतो तो उघडा पडायला लागला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1976 साली न्यायालयानं उपशावर मर्यादा घालणं योग्य ठरवलं. जमिनीखालचं पाणी एकच असतं, विहीर इथली आणि झरा तिथला असं नसतं. हे मला पुस्तकातून जेवढं कळलं नव्हतं तेवढं त्या लोखंडी जाळीपाशी उभं राहून कळलं.

आता शेवटची जोडी: ऱ्हायोलाइट आणि बीटी, एकमेकांपासून जेमतेम सहा-सात किलोमीटर. 1904 साली ऱ्हायोलाइटच्या टेकड्यांत सोनं सापडलं आणि दोन-तीन वर्षांत हजारो माणसांचं शहर उठलं. वीज आली, रेल्वे आली, तीनमजली बँक बांधली गेली. पाणी मात्र लांबच्या झऱ्यांवरून नळानं आणलेलं. एका माणसानं हजारो रिकाम्या बाटल्या चिखलात रचून घर बांधलं. आसपास लाकूड मिळणं मुश्कील आणि रिकाम्या बाटल्या मात्र मुबलक, म्हणून. ते घर अजून आहे. 1907 च्या आर्थिक संकटात भांडवल आटलं, 1911 साली मुख्य खाण बंद झाली, 1916 साली वीज तोडली. बँकेच्या उरलेल्या भिंतींतून आज आरपार आभाळ दिसतं. सगळे तिथं जातात, फोटो काढतात आणि परततात.

बीटीला मात्र बहुतेक जण फक्त पेट्रोल भरायला थांबतात, याचं मला वाईट वाटतं. तिथं सोन्याचा डामडौल कधीच नव्हता. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं झऱ्याकाठचं शेत होतं, त्याच्याच नावावरून गावाचं नाव पडलं. आज हजाराच्या आत वस्ती आहे, पण शाळा आहे, ग्रंथालय आहे, संग्रहालय आहे. खाणवाल्यांनी मोकळी सोडलेल्या गाढवांची पिल्लावळ रस्त्यावरून निवांत फिरते आणि गाड्या त्यांच्यासाठी थांबतात. माझं ऐकाल तर मुक्काम इथं करा. संध्याकाळी ऱ्हायोलाइट पाहा आणि सकाळी गावाच्या दक्षिणेला, डोंगराच्या चिंचोळ्या वाटेपाशी गाडी थांबवा. तिथं अमरगोसा वर आलेली असते. रुंदी म्हणाल तर एका ढांगेत ओलांडाल एवढीच. काठाला बोरू, हिरवी झाडं, पाखरांचा कलकलाट. मी तिथं खाली उतरून पाण्यात हात घातला. जरा पुढे ते पाणी वाळूत शिरून दिसेनासं होत होतं, आणि मला त्याच दिशेनं, शोशोनीकडे परतायचं होतं.