पालखी ओढते तिकडे

नमस्कार श्रोतेहो.

दहावी-बारावीचे निकाल लागले की कोकणात ओटी-ओटीवर एकच प्रश्न ऐकू येतो, "आता पुढं काय?" मुलगा मान खाली घालून बसलेला असतो आणि वडील मुंबईच्या काकांना फोन लावत असतात. आज मी त्या मान खाली घालून बसलेल्या मुलामुलींशी बोलणार आहे. कोर्स आणि कॉलेजं सुचवणारे तुमच्याभोवती पुष्कळ आहेत. मला एवढंच विचारायचंय, आपलं घराणं या गावात कुठून आलं, हे तुम्हाला घरात कुणी सांगितलंय का?

मला माझ्या आजीनं सांगितलं. मे महिन्यात परसात काजूच्या बिया भाजताना ती बोलायला लागायची. आपला मूळपुरुष घाट उतरून खाली आला. बरोबर एक गाय होती आणि फडक्यात बांधलेला कुलदेवीचा टाक. पुढं आजोबा आगबोटीनं भाऊच्या धक्क्याला उतरले आणि गिरणीत लागले. लालबागला गावकीची खोली होती. पाळी सुटलेला माणूस येऊन पडायचा आणि त्याच वळकटीवरचा दुसरा उठून पाळीला जायचा. वडीलही गिरणीतच गेले. १९८२च्या संपानंतर ते एक पत्र्याची ट्रंक घेऊन गावी परतले. आणि १९९८मध्ये कोकण रेल्वे सुरू झाल्यावर माझी जा-ये रेल्वेनं सुरू झाली.

चाकरमानी म्हणजे मुळं तुटलेला माणूस, असं सर्रास बोललं जातं. मला ते अजिबात पटत नाही. आमच्या घराण्याचा इतिहास बघितला तर तो सगळा जाण्या-येण्याचाच आहे. घरात बसून राहिलेला पूर्वज मला एकही सापडत नाही. तेव्हा गाव सोडावं की धरावं, हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. कुणाच्या पाठोपाठ जातोय आणि कुणाकडं परत यायचंय, हे ठाऊक असलं की पाय आपोआप मोकळे होतात.

आपले देवसुद्धा फिरते आहेत. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला लोक भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. मालवण तालुक्यातल्या आचऱ्यात तर दर काही वर्षांनी अख्खं गावच बाहेर पडतं. ग्रामदैवत रामेश्वराच्या कौलानं, म्हणजे देवाच्या संमतीनं, गावपळण ठरते. मग गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री, म्हातारीकोतारी, सगळ्यांना घेऊन माणसं वेशीबाहेर राहुट्या घालतात. तीन दिवस, तीन रात्री गावात कुणी नसतं. परत यायचं तेही कौल घेऊनच. विचार करा, एखाद्या पोरानं आपलं गाव वेशीबाहेर बसून बघितलंय, चूल पेटलेली नाही, दिवा नाही. आणि राहुटीत रात्री झोप येत नाही म्हणून सगळे गोष्टी सांगत बसलेत. आपण कुठले आहोत, हे त्या पोराला वेगळं शिकवावं लागत नाही.

आमच्या रत्नागिरीकडं हे काम शिमगा करतो. पालखीला देवाची रुपी, म्हणजे मुखवटे, लागली की ती भोवनीला निघते, घरोघर जाते. माझं शिक्षण संपलेलं होतं, पण काय करायचं ते ठरत नव्हतं. आजी म्हणाली, "आदी पालखीला खांदा दे, मंग काय ता ठरव." मी खांदा दिला. आमच्या गावात कुलूपबंद घराच्या अंगणातही पालखी क्षणभर टेकते. अशा प्रत्येक अंगणात सोबतची जाणती माणसं सांगत होती, या घरातला अमका मृदंग वाजवायचा, तमका पहिल्यांदा आगबोटीत चढला, ही बाई विधवा झाल्यावर एकटीनं नांगर धरून उभी राहिली. त्या भोवनीत मला माझं गाव कळलं.

आणि मग खुणा काढायचा दिवस. एका वाडीतली माणसं गुपचूप कुठंतरी नारळ पुरून ठेवतात, आणि तो पालखीनं शोधायचा असतो. ढोल वाजत असतो, गुलालानं डोळे भरलेले, दांडा मानेशी घासून कातडी हुळहुळते. पुढच्याला वाटतं मागचा ढकलतोय, मागच्याला वाटतं पुढचा ओढतोय. पालखी आंब्याकडं धावते, थबकते, गर्रकन फिरते, पुन्हा बांधाकडं जाते. आणि एका जागी दांडा खाली झुकतो. माती उकरली की नारळ! हे देव करतो की चार खांद्यांची मिळून झालेली समज करते, यावर मी वाद घालणार नाही. मी स्वतः दांड्याखाली होतो आणि उभं राहून विचार करत बसलो असतो तर तो नारळ कधीच सापडला नसता, एवढं मात्र नक्की.

त्यानंतर मी रत्नागिरीतली नोकरी धरली. मुंबईत पगार जास्त मिळत होता, पण इथून रात्री नमनाच्या, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याच्या, तालमीला पोचता येत होतं. आमच्या नमनाच्या खेळ्यांमध्ये मृदंगाला माणूस उरला नव्हता. मी शिकलो. आज मी पोरांना शिकवतो. त्यातली निम्मी पोरं विरार, नालासोपाऱ्याला राहतात आणि सुट्टीत येतात. त्यांना मी गावातच राहा, असं कधीच सांगत नाही.

मुलींना पालखीचा खांदा अजून बऱ्याच गावांत मिळत नाही. तो मिळायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर गौरीच्या रात्रीचा फेर तुमचा आहे. फुगडी घालता घालता माहेर-सासरच्या दोन्ही घराण्यांची गाणी म्हणणाऱ्या बायकांशेजारी जाऊन उभ्या राहा.

तेव्हा निकालाचा कागद दोन दिवस बाजूला ठेवा. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, मोबाइलवर त्यांचं बोलणं टिपून घ्या. कुठला घाट, कुठली आगबोट, कुणाची खोली, नावानिशी विचारा. आणि मग जुन्या घराच्या चौथऱ्यापर्यंत चालत जा, शक्य असेल तर त्यांनाच पुढं घालून. मिरग लागायच्या आत जा, कारण एकदा पाऊस धरला की त्या पायवाटेवर रान माजतं.

नमस्कार.