अर्धवट ठेवलेलं अंगण

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘कमी खर्चात मुलांचे कल्पनाखेळ’, आणि पहिल्या रांगेत तीन-चार जण वह्या उघडून बसलेत. म्हणजे तुम्हाला यादी हवी आहे. देते. पण आधी मी केलेला एक मोठा खर्च ऐका.

माझी मुलगी पाच वर्षांची असताना मी घरामागच्या अंगणात सुताराकडून एक जहाज बांधून घेतलं. चांगलं बसण्याजोगं, निळं रंगवलेलं, बाजूला गोल खिडक्या, मध्ये शिडाचा खांब आणि पुढे फिरणारं सुकाणूचं चाक. चार दिवस तिने ते चालवलं. पाचव्या दिवशी बघते तर बाई जहाजाच्या मागे, सुताराने टाकून दिलेल्या फळकुटांच्या ढिगाजवळ. एक फळकूट दुकानाचं फडताळ होतं. तासाभराने तेच दवाखान्यातली खाट झालं, त्यावर एक वीट झोपलेली होती आणि तिला ताप होता. जहाज जवळजवळ वर्षभर रिकामं राहिलं. मग पावसाने खिळा गंजला आणि चाक निखळून पडलं. मी मनातल्या मनात सुताराला बोल लावत होते, आणि ही मात्र त्याच संध्याकाळी परत जहाजावर चढली! चाक आडवं ठेवून त्याची चूल केली, खांबाला चादर बांधली, आणि जहाजाचं घर झालं. चाक जागेवर होतं तोवर त्या जहाजाला जहाजच राहावं लागत होतं. दुसरं काही व्हायची त्याला मुभाच नव्हती.

आज मी जे काही सांगणार आहे ते सगळं या निखळलेल्या चाकाभोवतीच आहे. अंगणात वस्तू अर्धवट ठेवा. पुरी केलेली वस्तू महाग असते, आणि वर ती मुलाला करायला काही शिल्लक ठेवत नाही.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. सोरेन्सन नावाचे डेन्मार्कमधले एक उद्यानरचनाकार होते. आखीवरेखीव क्रीडांगणं बांधून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की मुलं तिथे खेळण्यापेक्षा शेजारी चाललेल्या बांधकामावर, विटांच्या आणि लाकडांच्या ढिगात जास्त रमतात. 1931 मध्ये त्यांनी भंगाराचं मैदान ही कल्पना मांडली आणि 1943 मध्ये, जर्मन सैन्याच्या ताब्यात असलेल्या कोपनहेगनच्या एम्ड्रुप वस्तीत तसं मैदान उभंही राहिलं. आपण केलेल्या सगळ्या कामांत हे दिसायला सर्वांत कुरूप, पण आपल्या लेखी सर्वांत सुंदर, असं ते पुढे म्हणाले. नंतर 1971 मध्ये सायमन निकल्सन या इंग्रज शिल्पकाराने एका लेखात ‘सुट्या भागां’चा विचार मांडला. त्याचं सार असं, की एखाद्या जागेत हलवता, बदलता, जोडता येण्याजोगं जितकं जास्त, तितकी तिथे कल्पकता जास्त. घसरगुंडीत बदलण्यासारखं काय असतं? वरून खाली येणं किंवा खालून वर चढणं. आणि दुसरं केलं की आपण ओरडतो.

आता यादी. काठ्या, वेगवेगळ्या लांबीच्या. पुठ्ठ्याचे मोठे खोके. जुन्या चादरी. दोरी. कपड्यांचे चिमटे. विटा. फळ्यांचे तुकडे, कडा घासून गुळगुळीत केलेले. झाकणाचे डबे, बादली, नरसाळं, गाळणं, जुनी पातेली, पळी. गोटे, वाळकी पानं, मोठ्या बिया. पाइपचे तुकडे. झाली यादी. अमेरिकेत रोचेस्टरला खेळाचं एक संग्रहालय आहे, तिथे नामांकित खेळण्यांचा मानाचा विभाग आहे. त्यात 2005 मध्ये पुठ्ठ्याच्या खोक्याला आणि 2008 मध्ये साध्या काठीला जागा मिळाली. त्यामुळे कुणी हसलं तर सांगा.

या यादीतला माझा सगळ्यात लाडका जिन्नस म्हणजे चिमटे. चादर सगळ्यांच्या घरात असते, पण ती पाच वर्षांच्या मुलाला कशावर टिकवता येत नाही. गाठ मारता येत नाही, मग तो मोठ्यांना हाक मारतो, मोठे येतात, व्यवस्थित तंबू बांधून देतात आणि खेळ मोठ्यांचा होतो. चिमटा मात्र त्याला एकट्याला लावता येतो आणि काढताही येतो. दोन झाडांमध्ये मुलांच्या डोक्याच्या बऱ्याच वर दोरी ताणून द्या, चादर वरून टाकून द्या आणि वीसेक चिमटे डब्यात घालून आत या. चादरीच्या आत जो निळसर-पिवळा उजेड पडतो ना, त्यात बसून पाहा एकदा. बाहेरचं जग ऐकू येतं पण दिसत नाही. मुलं आवाज आपोआप खाली आणतात. माझ्या भाच्याने त्या उजेडात सगळ्या चिमट्यांची एक शाळा भरवली होती. तुटका चिमटा मास्तर होता. का, विचारलं तर म्हणाला, “म्हातारा आहे ना तो.”

वस्तूंच्या संख्येबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण इथे बहुतेकांची गल्लत होते. ‘सुटे भाग’ ऐकलं की लोक अंगणात भंगाराचं दुकान थाटतात. अमेरिकेत टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दीड ते अडीच वर्षांची 36 मुलं, एकदा चार खेळणी दिली आणि एकदा सोळा. चार होती तेव्हा मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि त्याच्याशी जास्त तऱ्हांनी खेळली. माझा अंगणातला अनुभव त्याला जोडून असा, की प्रकार थोडे ठेवा पण नग भरपूर ठेवा. एक बादली, एक करवत, एक टोपी असं दिलंत तर भांडण. पंधरा सारखे डबे दिलेत तर कारखाना. दोन पेट्या करा, एक बाहेर, एक माळ्यावर. महिन्याभराने अदलाबदल करा. माळ्यावरून उतरलेली वस्तू नवीच असते.

वय कसं ओळखायचं? मूल साधारण दीड वर्षाचं झालं की रिकामा पेला तोंडाला लावून प्यायल्याचं नाटक करतं. दोन वर्षांच्याला फोन म्हणून फोनसारखंच काहीतरी लागतं. चौथ्या-पाचव्या वर्षी मात्र कुठलाही ठोकळा कानाला लावून तो बोलतो. म्हणून लहानांना खरी पातेली-पळ्या द्या आणि मोठ्यांना बिनचेहऱ्याच्या वस्तू. व्हिगोत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने 1933 मध्ये खेळावर दिलेल्या व्याख्यानात एक मजेदार गोष्ट सांगितली आहे. मुलाला काठीचा घोडा चालतो, पण पोस्टकार्डाचा घोडा चालत नाही. का? कारण काठीवर टांग टाकता येते. कल्पनेलाही हाताशी काहीतरी लागतं. सामान निवडताना मी हाच प्रश्न विचारते, की यावर बसता येईल का, यात शिरता येईल का, यातून ओतता येईल का, हे ओढत नेता येईल का? नुसतं बघण्याजोगं असेल तर ते दिवाणखान्यात ठेवा.

माती आणि पाणी. दोन विटांच्या थरांवर एक फळी, त्यावर जुनी भांडी, शेजारी मातीचा ढीग आणि एक तांब्या पाणी. एवढ्यात स्वयंपाकघर, प्रयोगशाळा, औषधांचं दुकान सगळं होतं. पाणी थोडं द्या, आणि पुन्हा आणायला चार पावलं चालावं लागेल असं ठेवा. नळाखाली मुलं नुसती भिजतात, पण मोजकं पाणी मिळालं की वाटे करतात, साठवतात, उधार देतात. वाळूचंही तसंच आहे. कोरडी वाळू नुसती निसटते. ओलसर केली की कणांमधलं पाणी त्यांना धरून ठेवतं, आणि मग भिंती, बोगदे, गावं उभी राहतात. रात्री वाळू झाकायला विसरू नका, नाहीतर मांजरं तिचा वेगळा उपयोग करतात.

ज्यांचं अंगण चादरीएवढं आहे त्यांनी हिरमुसू नये. एक कोपरा न झाडता सोडा. गवत वाढू द्या. चार गोटे, काटक्या आणि सालींच्या तुकड्यांतून बोटाएवढ्या माणसांचं गाव वसतं. त्याला दोन हात जागा पुरते.

आणि मुलं खेळताना कशी बोलतात, ते लांबून ऐका. “मी डॉक्टर असते हां, आणि तू आजारी असतोस, आणि मग रात्र होते.” हे ‘असते’ आणि ‘होते’ काय आहे? अजून नाटक सुरूच झालेलं नाही, लेखन चाललंय. अर्धा खेळ याच वाटाघाटींत जातो. आपल्याला वाटतं मुलं नुसती वाद घालतायत, म्हणून आपण मध्ये पडतो, “अरे, आता खेळा की!” ती खेळतच असतात. तसंच “हे काय बनवलंस?” हा प्रश्न. मीही विचारायचे. मुलाने अजून ठरवलेलं नसतं आणि प्रश्न आला की त्याला एक उत्तर देऊन मोकळं व्हावं लागतं. घर म्हणाला की ते घरच. आत बोलवलं तर जा, दिलेली भूमिका करा, आणि भूमिका शक्यतो आजारी माणसाचीच मागून घ्या. पडून राहता येतं.

सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं वाईट जातात, हेही सांगून ठेवते. “कंटाळा आलाय, काय करू?” तेव्हा काही सुचवू नका. फार तर एखादी वस्तू भलत्याच जागी ठेवून द्या. झाडाच्या फांदीवरून दोरी आणि तिला डबा, किंवा वाटेत आडवा पडलेला खोका. आणि काही न बोलता निघून या.

धोक्याचं थोडक्यात, पण हे मात्र जरूर लिहून घ्या. चार-पाच सेंटिमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, म्हणून खेळ संपला की बादल्या, टब उपडे घाला आणि पाण्याचा खेळ चालू असताना समोरून हलू नका. दोरीचा फास होईल असं काही लोंबकळत ठेवू नका. तीन वर्षांखालचं मूल असेल तर झाकणं, बिया, गोट्या बाहेर नकोत. आतून उघडत नाही अशी पेटी किंवा जुना फ्रिज अंगणात कधीही नको. त्यात अडकून इतकी मुलं गेली, की अमेरिकेला 1956 मध्ये फ्रिजचं दार आतून उघडलंच पाहिजे असा कायदा करावा लागला. मालवाहतुकीच्या लाकडी फळ्या आणल्यात तर शिक्का बघा. ‘एचटी’ म्हणजे उष्णता दिलेली, चालेल. ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी कीटकनाशक वायूचा धूर दिलेली, ती नको. टायरबद्दल लोक मला नेहमी विचारतात. मला ते आवडत नाहीत. पाणी साचून डास होतात, झिजलेल्यांतून तारा टोचतात. वापरायचेच असतील तर खाली भोकं पाडा.

आता ज्याची खरी किंमत मोजावी लागते ते सांगते. संध्याकाळ झाली, अंगणभर विटा आणि चादरी, आणि आपण म्हणतो, “चला, आवरा.” मुलं काकुळतीला येतात, “उद्या परत लागणार आहे!” आपल्याला ते आळशीपणाचं निमित्त वाटतं. पण त्या विटा म्हणजे अर्धं बांधलेलं गाव असतं. उचलल्या की दुसऱ्या दिवशी पुन्हा पायापासून सुरुवात, आणि दोन-चार वेळा असं झालं की मुलं मोठं काही मांडतच नाहीत. आमच्या घरी एक खूण ठरली होती. अंगणात लाल फडकं बांधलेली काठी रोवली असेल तर तिच्या आसपासचं कुणी हलवायचं नाही. वाळत घातलेल्या कपड्यांतली चादर तेवढी मी काढून घ्यायचे. एकदा ती काठी अकरा दिवस दाराच्या अगदी समोर होती. आम्ही अकरा दिवस वळसा घालून गेलो. कामाला येणाऱ्या मावशीसुद्धा वळसा घालायच्या आणि वर मुलांना विचारायच्या, “आज पूल उघडा आहे का?” त्यांच्यामुळेच तिथे पूल आहे हे आम्हाला कळलं.

एक चिठ्ठी आली आहे. “मोठा मुलगा अकरा वर्षांचा, म्हणतो हे बाळबोध आहे.” बरोबरच म्हणतो. त्याला खेळायला सांगू नका, कामाला लावा. हातोडी, खिळे, करवत द्या, शेजारी उभं राहा, आणि धाकट्यांसाठी काहीतरी बांधायला सांगा. तो दुकान बांधेल, मग दुकानाला गल्ला हवा, मग खोट्या नोटा, मग नोटांवर सही कुणाची यावरून भांडण. तेव्हा समजा, तो आत शिरला.

दुसरी चिठ्ठी. “खोका पावसात भिजला तर काय?” खोका जमिनीवर ठेवू नका, दोन फळ्यांवर ठेवा, आठवडाभर जास्त टिकतो. तरी मऊ पडेलच. तेव्हा फेकायची घाई नको. भिजलेला पुठ्ठा फाडणं हा वेगळाच खेळ आहे, हातांनी सोलला की त्याचे नाजूक थर सुटतात, आणि आतल्या नागमोडी थरावरून बोट फिरवायला चार वर्षांच्या मुलांनासुद्धा गंमत वाटते. उरलेले तुकडे झाडांच्या बुंध्याशी पसरा, वर माती टाका, तण कमी येतं. चिकटपट्टी आणि पिना मात्र आधी काढून घ्या.