मराठीत तुला काय वाटतं?

(अमेरिकेतल्या एका मराठी मंडळाच्या उन्हाळी स्नेहमेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडे संपादित)

अध्यक्ष, कार्यकारिणीतली मंडळी, रविवारच्या मराठी शाळेचे शिक्षक आणि मागच्या रांगांत बसलेल्या मुलामुलींनो, नमस्कार.

समितीने मला विषय दिला होता, वाचनसंस्कृती आणि पुढची पिढी. त्यावर टिपणंही काढली होती. पण गेल्या आठवड्यात आमच्या घरी एक वाद झाला आणि त्यानंतर ती टिपणं वाचून दाखवावीशी वाटेनात. लेकीची परवानगी घेऊन तो वाद आज तुमच्यापुढे मांडते.

लेक अकरावीत आहे. शाळेचं वर्ष संपत आलं की इंग्रजीचे शिक्षक मुलांना एक काम देतात, तुमच्यापैकी बऱ्याच घरांत ते आलं असेल. वर्षभरात लिहिलेलं सगळं बाहेर काढायचं. पहिला खर्डा, दुसरा खर्डा, वर्गातल्या मुलांनी समासात विचारलेले प्रश्न, सगळं. ते वाचायचं आणि दोन पानांत लिहायचं, या वर्षात लिहिणारी म्हणून, वाचणारी म्हणून मी कुठे बदलले.

लेकीने लिहिलेली ती दोन पानं मी वाचली. तिने लिहिलं होतं की सप्टेंबरमधला स्वतःचा निबंध तिला आता वाचवत नाही, कारण त्यात तिने निष्कर्ष आधी ठरवला होता आणि पुरावे मागाहून गोळा केले होते. मग इतिहासाच्या वर्गातलं लेखन आलं. १९४२ मध्ये अमेरिकेने जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार माणसांना घरंदारं सोडायला लावून छावण्यांत ठेवलं. त्यातले बहुसंख्य या देशाचे नागरिक होते. त्या छावण्यांमधल्या शाळकरी मुलांची पत्रं तिने वाचली. आणि पुढे तिने लिहिलं, आमच्या घरात १९४२ म्हटलं की आजोबा 'चले जाव' सांगतात, साताऱ्याचं पत्री सरकार सांगतात, त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं. एकाच सालात एका घरासाठी कुंपणाच्या तारा होत्या आणि दुसऱ्या घरासाठी त्या तोडायची हाक होती. ही दोन सालं मी आजवर वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवली होती, ती लिहिताना पहिल्यांदा एकत्र आली.

मला भरून आलं. तिचे बाबा म्हणाले, "अगं, हेच मराठीत लिही ना, आपण मंडळाच्या दिवाळी अंकाला देऊ." ती म्हणाली, "नको बाबा. मराठीत मला काय वाटतं ते कुणी विचारतच नाही. मराठीत फक्त चुका मोजतात."

बाबांचा आवाज चढला, तिचाही चढला. नऊ वर्षं रविवारच्या शाळेत गेलेली मुलगी आहे ही. तिला वाचता येतं, लिहिता येतं, गणेशोत्सवात अथर्वशीर्ष म्हणते, नाटुकल्यात काम करते. तिचं म्हणणं खोटं आहे असं मला म्हणता आलं नाही.

आता तुम्हीच आठवून पाहा. पावसाळ्यातील एक दिवस. मी पाहिलेला सूर्योदय. नदीची आत्मकथा. फाटक्या पुस्तकाचे मनोगत. गाईडमधून पाठ केले, परीक्षेत उतरवले, दहापैकी सात मिळाले. नदीचं मनोगत आपण लिहिलं, पुस्तकाचं लिहिलं, आपलं स्वतःचं कुणी मागितलं नाही. तरी आपलं निभावलं, कारण मराठी आपल्या चहूबाजूंनी होती. भांडण मराठीत, प्रेम मराठीत, 'किशोर'चा अंक आला की कोण आधी वाचणार यावरून झोंबाझोंबी मराठीत. शाळेने मागितलं नाही तरी विचार मराठीतच होत होता. इथल्या मुलांना ते चहूबाजूंचं काहीच नाही. त्यांच्या वाट्याला रविवारचे दोन तास येतात, आणि त्या दोन तासांत आपण ऱ्हस्व-दीर्घ तपासतो.

शाळेच्या शिक्षकांवर माझा रोख नाही. एक पैसा न घेता, बर्फातून गाडी काढून, भाड्याच्या खोल्यांत शिकवणारी ही माणसं आहेत, त्यांना माझा नमस्कार आहे. रोख आपल्या सगळ्यांवर आहे. आजी-आजोबांना फोनवर श्लोक म्हणून दाखवला की आपलं समाधान होतं. मुलाने मराठीत वाद घातला तर आपण म्हणतो, उलट बोलू नकोस. मग त्याने विचार कुठल्या भाषेत करावा?

आणि इंग्रजीतही आपण त्यांना पुरतं मोकळं सोडत नाही. बारावीच्या वर्षी कॉलेजच्या अर्जातला तो ६५० शब्दांचा निबंध येतो. स्वतःबद्दल लिहा, म्हणतात. किती घरांत तो निबंध आधी आई वाचते, मग बाबा, मग पैसे देऊन नेमलेला सल्लागार, आणि शेवटी त्यात ज्याचा तो मुलगाच उरत नाही? आता तर यंत्राला सांगितलं की मराठीतही गुळगुळीत लेख मिळतो. मागच्या काही दिवाळी अंकांतला बालविभाग जरूर काढून वाचा. दहा वर्षांचं मूल 'संस्कारांची शिदोरी' लिहीत नाही हो. ते वाक्य कुणाचं आहे ते आपल्याला ठाऊक असतं.

मुलांनी मनातलं लिहावं ही गोष्ट आपल्याला काही अमेरिकेने शिकवलेली नाही. साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये होते तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं दैनिक हाताने लिहून काढायचे. रोज. पुढे १९२८ मध्ये 'विद्यार्थी' मासिक काढलं. आपल्याही शाळांमध्ये हस्तलिखितं निघायची, पुठ्ठ्याचं मुखपृष्ठ, कुणाचं तरी सुबक अक्षर. त्यात चुका होत्या, आणि मुलंही होती.

त्याच्याही आधीची एक मुलगी मला या आठवड्यात सारखी आठवते आहे. मुक्ता साळवे. मांग समाजातली, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापून आला. शाळकरी मुलीचा निबंध. पण तो गाईडमधला नव्हता. वेद जर फक्त ब्राह्मणांचे, तर आमचा धर्म कोणता, हे ती थेट देवाला विचारते. पेशवाईत आपल्या माणसांचे काय हाल झाले ते सांगते. उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायकांची वेदना लिहिते. आणि आपल्याच लोकांना सांगते की यावरचं औषध ज्ञान आहे, ते घ्या. थोडीच वर्षं शाळा मिळालेल्या मुलीला हे लिहिता आलं, कारण अक्षर शिकवणाऱ्यांनी तिला पाहायलाही शिकवलं आणि जे दिसलं ते मांडू दिलं.

लेकीला मी हा निबंध वाचून दाखवला. जुनी मराठी, दोघींनी अडखळत वाचली. तिने मला विचारलं, "हे छापलं कुणी?" मी म्हटलं, 'ज्ञानोदय' हे अमेरिकन मराठी मिशनचं नियतकालिक, १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालेलं. ती म्हणाली, "म्हणजे मराठी लोकांनी नाही छापलं."

मी तिला सांगितलं की लिहिणारी मराठी होती, शिकवणारे मराठी होते. ते खरंच आहे. पण तिचा प्रश्नही खरा आहे, आणि तो मी तसाच तुमच्याकडे घेऊन आले आहे.

समितीपुढे माझी एक विनंती आहे. या दिवाळी अंकात मुलांसाठी चार पानं कोरी ठेवा आणि त्यांना एकच विचारा, या वर्षी काय वाचलंस, काय लिहिलंस, त्याने तुझ्यात काय बदललं? मोडक्या मराठीत आलं तर मोडक्या मराठीत छापा. शुद्धलेखन सुधारा हवं तर, पण मुलाला शेजारी बसवून, त्याला विचारून. वाक्य बदलू नका.

मला भीती कशाची वाटते तेही सांगते. मुलांना नको असेल याची नाही वाटत, विचारलं तर ती लिहितील. उद्या एखादी मुलगी लिहील की गणपतीच्या दहा दिवसांत आई स्वयंपाकघरातून बाहेरच येत नाही आणि मला हा सण आवडत नाही. एखादा लिहील की बाबा आमच्या काळ्या शेजाऱ्यांबद्दल घरात जे बोलतात त्याची मला लाज वाटते. एखादी विचारेल की आपण ओळख झाल्याझाल्या लोकांचं आडनाव का विचारतो. अशुद्ध मराठीत असेल, पण तिचं स्वतःचं असेल. ते आपण छापू का? आणि छापलं, तर पुढच्या मेळाव्यात त्या मुलीशी आपण नीट बोलू का? मला खात्री नाही. माझ्या घरातही अजून यावर एकमत झालेलं नाही.